बाटलीतले बुडबुडे

४ फेब्रुवारी

सकाळची पाळी, सहा ते दोन. पंपहाउसमध्ये दोन नंबरच्या पंपाची ग्लँड गळत होती, ती आवळली. लॉगबुक भरलं. घरी येऊन भात लावला. चार वाजता साडू आला.

धाकटीच्या छातीत गाठ निघाली आहे. धाकटी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी बहीण. ही, माझी बायको, गेली त्याला आठ महिने झाले, आणि आता तिची बहीण. नव्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी होती, त्यात एक्स-रे काढला. खोकला नाही, ताप नाही, काही नाही. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला बोराएवढी. सुई घालून तपासली, तर वाईट निघाली.

साडू शाळेची बस चालवतो. मोठ्यानं बोलायची सवय आहे. म्हणाला, "दुर्बिणीतून करणार. तीन भोकं पाडणार आणि चौथ्या दिवशी घरी. साडूभाऊ, बासरीला सहा असतात, आपलं तिनातच भागतंय!"

मी हसलो नाही. हिची जखम पाठीकडून काखेखालून पुढपर्यंत होती. एक वीत आणि वर चार बोटं. ड्रेसिंगच्या वेळी मी मोजली होती. अकराव्या दिवशी ही गेली.

त्याला परीक्षेच्या दिवसांत रजा मिळत नाही आणि रक्त पाहिलं की भोवळ येते. दिवसा मी बसावं असं त्याचं म्हणणं. म्हणाला, "तुम्हाला तिथलं सगळं ठाऊक आहे."

हो म्हणालो. भात करपला होता.

७ फेब्रुवारी

तिघं दवाखान्यात गेलो. सर्जन तेच. मला ओळखलं, मान हलवली. मीही हलवली.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पूर्ण भूल देणार. एका बाजूचं फुफ्फुस तेवढा वेळ मिटवून ठेवणार, दुसऱ्यानं श्वास चालू राहणार. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. बरगड्या फाकवायच्या नाहीत. फुफ्फुसाचा वरचा कप्पा कापून पिशवीत घालायचा आणि त्यातल्या त्यात मोठ्या भोकातून ओढून काढायचा. नंतर छातीत एक नळी राहील, ती बाटलीला जोडलेली. दुखेल, "भोकं लहान म्हणून दुखणं लहान असं समजू नका." दुसऱ्या दिवशी उठवून चालवणार. खोकायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, अंग चोरायचं नाही. कापलेल्या जागेतून हवा झिरपायची थांबली की नळी काढणार.

धाकटीनं एकच विचारलं, "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढता येईल ना?"

"पहिल्याच दिवशी. पण मजल्या-मजल्यावर बसत. धावत नाही."

"धावत ही आधी तरी कुठं चढायची?" साडू म्हणाला. ती त्याला कोपरानं ढोसून हसली. आता कोणाला हसू कसं येतं?

मग संमतिपत्र. त्यात एक ओळ आहे : दुर्बिणीतून जमलं नाही तर छाती उघडावी लागेल, त्याला मान्यता. साडूनं ती दोनदा वाचली आणि सही केली. असला कागद आमच्या वेळी नव्हता. असता तर मी विचारलं असतं.

विचारायचं होतं की हिला दुर्बीण का नाही लावली. विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

ऑपरेशन. साडेआठला आत नेलं, बाराला संपलं.

साडू बाहेर रखवालदाराशी गप्पा मारत होता. बसमध्ये एका मुलीनं दप्तरातून मांजराचं पिल्लू आणलं होतं, ती गोष्ट त्यानं रखवालदाराला सांगितली, मग मला सांगितली, मग पुन्हा रखवालदाराला. बायको टेबलावर आणि ह्याला मांजर सुचतंय. अकराच्या सुमारास फोन करून येतो म्हणून गेला. अर्ध्या तासानं आला तो चेहरा धुऊन. उकडतंय म्हणाला. तिथं एसीमुळे मी शाल घेऊन बसलो होतो. फोन तर बाकावरच राहिला होता.

सर्जन आले. सगळं दुर्बिणीतूनच झालं. साडूनं मला मिठी मारली. मला हात कुठं ठेवावेत कळेना, खालीच ठेवले.

मला आनंद व्हायला हवा होता.

१२ फेब्रुवारी

बारा दिवसांची रजा टाकली. आज पहिला दिवस.

बाटली नीट पाहिली. छातीतून आलेली नळी पाण्याखाली बुडलेली. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पाण्यामुळे उलट आत शिरत नाही. साधी युक्ती आहे, चांगली आहे. हिच्या वेळी मी बाटलीकडे बघितलंच नव्हतं.

मोठ्या सिस्टरनं सांगितलं : बाटली कमरेच्या वर उचलायची नाही. आडवी होऊ द्यायची नाही. नळीवरचा चिमटा बंद करायचा नाही, चालवताना नाही, बाथरूमला नेताना नाही, कधीच नाही. हवा बाहेर यायलाच हवी, अडली तर छातीत साठून फुफ्फुस दाबेल. आमच्याकडे गळती दिसली की आधी व्हॉल्व्ह बंद करतात. इथं उलटं.

धाकटी दुपारी दारापर्यंत चालली. तीन चेंडूंचं यंत्र दिलं आहे, श्वास ओढला की चेंडू वर जातात. एक उचलला. चेहरा दुखण्यानं पांढरा झाला होता, पण उचलला.

हिला शेवटपर्यंत एकही उचलता आला नव्हता. मी उगाच म्हणायचो, हलला, हलला.

१३ फेब्रुवारी

दोन चेंडू.

बसची सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधे साडू येतो. बाटलीकडे पाठ करून बसतो. आज बसमधल्या पोरांनी काढलेलं चित्र आणलं. त्यात धाकटी झोपलेली आणि छातीतून नळी निघून थेट बसच्या टाकीत गेलेली.

"बघ, तुझ्या हवेवर बस चालते."

"हसवू नका हो. टोचतं."

"बरं, रड मग."

"गप्प बसा!" आणि पुन्हा हसली, कुशीवर हात दाबून.

मी बाहेर जाऊन पाण्याची बाटली भरून आणली. ती भरलेलीच होती.

त्याला काही जमत नाही. उशी लावता येत नाही, पांघरूण उलटं घालतो. मला सगळं जमत होतं. हिची पाठ मी दर दोन तासांनी पुसायचो. एकदाही चुकवलं नाही.

१५ फेब्रुवारी

चौथा दिवस. घरी नाही.

खोकली की अजून बुडबुडे येतात. सर्जन म्हणाले, काहींना वेळ लागतो, घाबरायचं कारण नाही, हवा थांबेपर्यंत नळी राहील. साडूनं शाळेतल्या सगळ्यांना शनिवारी घरी येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. खाली मान घालून गेला. मांजर नाही, बासरी नाही.

ही वही मी कोणाला दाखवत नाही, म्हणून खरं लिहितो. मला बरं वाटलं. तिचं वाईट व्हावं असं नाही. पण सगळं इतकं सोपं नसावं. त्याला तरी चार दिवसांत सगळं का मिळावं?

लिहून झाल्यावर वाचलं. खोडणार होतो, राहू दिलं.

१६ फेब्रुवारी

सर्जन वॉर्डातून निघाले तसा मागे गेलो आणि विचारलं. आठ महिने मनात होतं.

"माझ्या बायकोला दुर्बीण का नाही लावली?"

ते थांबले. म्हणाले, "लावली होती. सुरुवात तशीच केली होती. गाठ मोठी होती आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. दुर्बिणीतून सोडवायला गेलो असतो तर टेबलावरच रक्तस्राव झाला असता. म्हणून उघडलं. मी मधेच बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जे योग्य असेल ते करा."

"मी?"

"तुम्ही. भिंतीला टेकून उभे होता. आणि त्या जखमेमुळे त्या गेल्या नाहीत. न्यूमोनिया झाला. फुफ्फुस आधीच थकलेलं होतं."

त्यांच्याकडे इतके पेशंट येतात. त्यांना दुसरं कोणी आठवत असेल.

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

दहा वाजता तिला चालवायला घेतलं. बाटली माझ्या हातात. निघताना ती म्हणाली, "हे म्हणतात, घरी गेल्यावर पलंग खिडकीपाशी हलवू. मला झाडं दिसतील. मी म्हटलं, मग उन्हाळ्यात काय करणार? तर म्हणतात, उन्हाळ्यात परत आत. दर मोसमात पलंग फिरवत बसणार आहेत." ती खोकली, बाटलीत बुडबुडे उसळले. मी चिमटा बंद केला. चालताना गळती नको म्हणून. सवयीनं हात गेला.

व्हरांड्याच्या टोकाला खिडकी आहे, तिथल्या बाकावर बसलो. पंधरा-वीस मिनिटं. ती हिच्याबद्दल सांगत होती. लहानपणी ही तिची वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. मला हे ठाऊक नव्हतं. मी ऐकत होतो.

ती वाक्य अर्ध्यात थांबली. "भाऊजी, श्वास..." म्हणाली. ओठांचा रंग बदलला. मी सिस्टरला हाक मारली. इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो. सिस्टर धावत आली, बाटलीकडे पाहिलं, नळीवरून हात फिरवला आणि चिमटा उघडला. पाणी उकळल्यासारखं झालं. चाकाची खुर्ची, ऑक्सिजन, एक्स-रे. फुफ्फुस थोडं मिटलं होतं. तासाभरात ठीक झाली. पण नळी आणखी काही दिवस राहणार.

सिस्टर म्हणाली, "चिमटा कोणी लावला?"

मी म्हणालो, "चालताना कुठं अडकून लागला असेल."

धाकटी माझ्याकडे बघत होती. तोंडावर मास्क होता.

मला कोणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी नीट सांगायला पाहिजेत. नातेवाइकांना काय माहीत असतं?

१८ फेब्रुवारी

साडू सकाळपासून ज्याला त्याला सांगत सुटला आहे. सफाईवाल्या बाईला, शेजारच्या पेशंटच्या सासऱ्याला, रखवालदाराला. "आमच्या साडूभाऊंनी वेळेवर हाक मारली म्हणून. मी असतो तर आधी मीच आडवा झालो असतो!"

माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "सख्ख्या भावानं केलं नसतं."

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असावी.

मी म्हणालो, त्यात काय मोठं. खरं तर हे ऐकायला बरं वाटत होतं. आठ महिन्यांत कोणी मला असं काही म्हणालं नव्हतं.

२० फेब्रुवारी

काल लिहिलं नाही.

मोठी सिस्टर माझ्याशी बोलत नाही. सूचना थेट धाकटीला देते. आज दुपारी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बाई, चिमट्याचं तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

ती औषधांचा ट्रे खाली ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही वहीत लिहून घेतलंत. मी म्हटलंसुद्धा, असे नातेवाईक असते तर आमचं काम निम्मं झालं असतं."

घरी आलो. वही मागे उलटली. १२ तारीख. माझंच अक्षर. कधीच नाही, असं लिहिलं आहे.

मग कपाटातून हिची फाइल काढली. आठ महिन्यांत उघडली नव्हती. संमतिपत्र पाचव्या पानावर आहे. तीच ओळ, खाली माझी सही. सही स्वच्छ आहे. त्याखाली सर्जनच्या अक्षरात वेळ घालून नोंद : पतीला सांगितले, संमती दिली.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला दोन वेळा सांगण्यात आलं आणि दोन्ही वेळा 'मला सांगितलं नाही' म्हणून मी भांडलो. पहिल्या वेळी निदान माझं माणूस आत होतं. दुसऱ्या वेळी काय होतं?

जेवलो नाही.

२१ फेब्रुवारी

बुडबुडे थांबले. खोकली तरी पाणी स्थिर. उद्या नळी काढणार.

साडूला सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा तो म्हणाला, "काय हो?" मी म्हणालो, "काही नाही, पांघरूण उलटं आहे."

२२ फेब्रुवारी

सकाळी नळी काढली. धाकटीला श्वास रोखायला लावला आणि एका झटक्यात ओढली, टाका बांधला. ती म्हणाली, जीव गेला असं वाटलं आणि लगेच सुटल्यासारखं वाटलं. एक्स-रे चांगला आला. उद्या घरी.

दुपारच्या फेरीआधी साडू बस घेऊनच आला होता. मी खाली गेलो. तो आतल्या सीटवरचे कागदाचे बोळे वेचत होता. पोरं शेंगांची टरफलंसुद्धा टाकतात म्हणाला. मी आत चढलो. सीट लहान आहेत, गुडघे पुढच्याला लागतात. बसून सांगितलं.

"त्या दिवशी चिमटा मी बंद केला होता."

तो बोळे हातात घेऊन उभा राहिला. "चुकून."

"चुकून नाही. हातानं. आणि बंद करायचा नाही हे मला माहीत होतं. मी लिहून ठेवलं होतं."

त्यानं हातातले बोळे पुन्हा सीटवर ठेवले.

"चार दिवस मी लोकांना काय सांगत फिरलो?" तो म्हणाला. आवाज लहान होता. "तिला माहीत आहे?"

"असावं. ती बघत होती."

"मला काही बोलली नाही." मग एकदम माझ्याकडे वळला. "पण का? तिनं काय वाकडं केलं तुमचं? मी काय केलं? मी तर तुम्हालाच... तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला आत सोडायला नको म्हटलं होतं मी!"

मी "सवयीनं" असं म्हणणार होतो. पंपावरची सवय. ते उत्तर माझ्याकडे चार दिवस तयार होतं.

म्हणालो, "तुमचा पलंग खिडकीपाशी जाणार होता."

त्याला कळलं नाही. मला वाटतं थोडं कळलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या येऊ नका. मी तिला नेईन. पांघरूण उलटं तर उलटं. मी बोलवीन तेव्हाच घरी या. बोलावलं तर."

"बरं," म्हणालो.

"उतरा. शाळा सुटेल."

उतरलो. बस फाटकातून बाहेर पडली. मी तिथून चालत घरी आलो, पाऊण तास लागला.

२३ फेब्रुवारी

रजेचा शेवटचा दिवस. उद्यापासून सकाळची पाळी.

साडेबाराला फोन वाजला. धाकटी.

"भाऊजी, घरी पोचले. तिन्ही जिने चढले. दोनदा बसले. हे मागून येत होते, मी पडले तर झेलायला म्हणे. मी पडले असते तर दोघं खाली गेलो असतो."

मी म्हणालो, "चेंडू?"

"तिन्ही. काल रात्रीच. तुम्ही नव्हतात म्हणून सांगायचं राहिलं."

मग थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. अजून तोकडा आहे.

"ह्यांनी मला सांगितलं," ती म्हणाली. "मी चिमटा लावताना पाहिलं होतं तुम्हाला. काय वाटलं सांगू? वाटलं, भाऊजींना ठाऊक असणार. ताईचं सगळं त्यांनी केलंय, ते करतायत ते बरोबरच असणार. म्हणून बोलले नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मास्क निघाल्यावर कळलं. तेव्हाही बोलले नाही. का ते मला नाही सांगता येत. ताई असती तर तिनं तुम्हाला समोर उभं करून जाब विचारला असता."

"हो," म्हणालो.

"ह्यांचा राग कधी जाईल माहीत नाही. माझा आहे की नाही तेही अजून बघितलं नाही. आता ठेवते, बोलताना दम लागतो."

"दुखतं का?"

"हो. पुढे, बरगडीच्या खाली. जळजळतं. डॉक्टर म्हणाले, काही महिने राहील." आणि ठेवला.

फोन जागेवर ठेवला. दुपार होती. सकाळी भिजवलेले कपडे बादलीत तसेच होते, ते धुवायला घेतले. शर्ट झाले, टॉवेल झाला. मोठी चादर एकट्याला पिळता येत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. एक टोक नळाच्या तोटीला अडकवलं, दुसरं दोन्ही हातांत धरलं आणि पाणी गळायचं थांबेपर्यंत पीळ देत राहिलो.